भरड मिश्रण

प्रिय यूफन,

सर्वप्रथम ऐतिहासिक महत्त्वाचे वृत्त निवेदन करतो: शाओशिंगच्या लू घराण्याचे एकमेव वैभव, म्हणजे माझ्या वडिलांचे ते वासंतिक ऑर्किड, अद्याप हयात आहे! तू पत्राच्या अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखी, त्याची चौकशी केलीस. त्याआधी शिनिंगची तुझी गिरणी बंद पडल्याचे लिहिलेस, यजमान गेल्यावर घर फार मोठे वाटते असे लिहिलेस, आणि ‘इथेच राहावं की शाओशिंगला भावाकडे परतावं, काही ठरत नाही’ असेही. गिरण्यांतले मला काही कळत नाही. ऑर्किडमधले कळते, म्हणून तूर्त तेवढ्याचेच सविस्तर उत्तर देतो.

गेला महिनाभर मी वैज्ञानिक उन्मादात आहे. रोपाने जुनी कुंडी मुळांनी इतकी गच्च भरली की यंदाच्या शरदात ते हलवणे अपरिहार्य झाले. या वाणाचे दुसरे रोप कुठेही नाही. मिश्रण चुकले की मुळे गेली, आणि मुळांबरोबर वंश. जुने मिश्रण तुझ्या परिचयाचे आहे: चेस्टनटच्या झाडांखालची कुजलेली पाने, तपकिरीसारखी बारीक चाळलेली. या वेळी मी त्याचा सर्वथा त्याग केला. पाइनची साल वालाच्या दाण्याएवढी तोडली, भिजत घातली आणि चहासारखे तांबडे पाणी निघायचे थांबेपर्यंत ते बदलत राहिलो. कोळसा फोडून धुतला. नदीतले खडे वेचले. पानकूज घातली ती केवळ चवीपुरती.

सालीतील कृमींचा संहार करण्यासाठी ती वाफवणे शास्त्रसंमत आहे. त्यासाठी ताईची पाव वाफवण्याची बांबूची टोपली सर्वोत्तम, हा माझा मौलिक शोध. दुसऱ्या दिवशी ताई कडाडली, “सुंगथिंग, मेल्या, हे पाव आहेत की सुताराचा भुसा? राळेचा वास मारतोय नुसता!” मी तीन पाव खाल्ले, निव्वळ कर्तव्यबुद्धीने.

मग पलीकडचा म्हातारा फांग आला. आमच्या पिवळ्या मद्यावर आणि इतरांच्या ऑर्किडवर त्याचा आजन्म अधिकार आहे, हे तू जाणतेसच. त्याने मिश्रणात हात खुपसला आणि विचारले, “काय रे, रस्ता बांधतोयस का? ही तर खडी!” मी म्हणालो, “फांगदादा, शास्त्र प्रगत होत असते.” “कसलं डोंबलाचं शास्त्र! अरे, तू पंधरवड्यातून एकदा चमचाभर पाणी घालणारा कंजूष. तुला बारीक माती हवी, ओल धरून ठेवणारी. यातून पाणी असं पळेल! वाळून काडी होईल रोपाची. बापाचं रोप मारायला निघालायस?” मी गूढ स्मित केले. ताईने मात्र त्या भरड सालीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा सालीकडे, आणि एवढेच विचारले, “मागची खोली झाडून ठेवू का?” धूळ आरोग्यास अपायकारक असते, असे सर्वसाधारण मत मी व्यक्त केले.

तुला आठवते? तू शेजारच्या अंगणातून यायचीस आणि रोज ओगराळे भरभरून पाणी घालायचीस. “बिचारं तहानलंय हो,” म्हणायचीस. एका उन्हाळ्यात सगळी मुळे काळी पडली, एकच अंकुर वाचला, आणि तू आमच्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडलीस. तू गेल्यावर वडील मला म्हणाले, “पोरीच्या हातात काही खोट नाही. मिश्रण पाणी घालणाऱ्याच्या हाताकडे बघून करायचं असतं. हे माझ्या हाताचं होतं.” मी काहीतरी विनोद केला. पुढच्या वर्षी तू लग्न होऊन शिनिंगला गेलीस, आणि मी विनोदी गृहस्थ म्हणून पंचक्रोशीत ख्यातकीर्त झालो.

आज सकाळी रोप लावले, यूफन! मुळे पांढरी, टणक, बोटासारखी जाड निघाली. आता परत फिरणे नाही. फांग म्हणतो ते अक्षरशः सत्य आहे: या मिश्रणात माझ्या कृपण हाताखाली ते हिवाळाही पाहणार नाही. त्याला ओगराळ्याने, सढळपणे, ‘बिचारं’ म्हणत पाणी घालणारा हात हवा, आणि तसा हात शाओशिंगमध्ये उपलब्ध नाही. तुझे उत्तर येईपर्यंत मीच तसे पाणी घालत राहीन. आज ओगराळे भरून घातले, ते पाहून फांग खुर्चीवरून पडता पडता वाचला. तर या प्रदीर्घ प्रस्तावनेचे तात्पर्य असे की, असे की... संस्कृतप्रचुर शब्द नेमके इथेच संपले. भावाकडे उतरू नकोस. इकडे ये. माझ्याशी लग्न करशील?

उत्तर ‘नाही’ असले तरी कळव. रोप पुन्हा बारीक मातीत हलवावे लागेल. ‘हो’ असेल तर ओगराळे जुनेच आहे, जागच्या जागी.

तुझाच, आणि तेव्हाही तुझाच,
सुंगथिंग