काकांच्या फोटोखालची दोन सालं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी वारल्याचं मला काल सकाळी कळलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पडेल चेहऱ्याने माझ्या लेकीला, तुझ्या ताईला, भेटायला आले आणि दार नेमकं मी उघडलं. माणूस पायरीवरून कोसळायचाच बाकी होता. मग चहा घेता घेता त्यांनी मोबाइलवर आपल्या पायवाटांच्या संकेतस्थळासाठी तू काढलेलं मदतीचं आवाहन दाखवलं. सगळ्यात वर माझा फोटो, तोही डोळे मिटलेला, आणि खाली १९८४ – २०२२. त्याखाली तू लिहिलं आहेस, की काकांनी उभं केलेलं हे काम कोलमडू देऊ नका, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्या.

अगं शहाणे, जो वाटा चालणं थांबवतो त्याच्या फोटोखाली तो कधीपासून कधीपर्यंत चालला ती सालं घालायची, ही रीत आपल्या मंडळाची. ती आपल्या पंधरा-वीस टाळक्यांना माहीत. बाकी जगाला फोटोखालच्या दोन सालांचा एकच अर्थ ठाऊक आहे. आणि जग तरी काय दिव्य! पांढऱ्या दाढीचा म्हातारा अडतिसाव्या वर्षी गेला, यात कुणालाच काही खटकलं नाही. जन्मभर चित्रकला शिकवली म्हणून मला गणित येत नाही असं आमचे हेडमास्तर म्हणायचे. इथे सगळंच गाव चित्रकलेचा मास्तर निघालं.

कालपासून ताईचा फोन थांबत नाही. जावईबापू तर स्वभावाने इतके गरीब, की एकाचं सांत्वन त्यांनी आभार मानून ठेवूनही घेतलं. मी पलीकडच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो.

तेव्हा मी हयात असल्याचं त्याच जागी, त्याच मापाच्या अक्षरांत छाप. तोवर संकेतस्थळ मंडळाच्या नावावर करण्याच्या त्या कागदाला मी हात लावणार नाही. फोन करू नकोस. मागच्या वेळी तू तो मध्येच आपटलास. कागद आपटला तरी मजकूर तसाच राहतो.

लोकांच्या दातांत लक्ष घाल आणि माझ्यावरचा लोभ मी असेपर्यंतच दाखवून घे.

तुझा (अजून असलेला)
काका

९ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

चुकलं. इथूनच पाया पडते. सालं घालताना बाहेरचा माणूस ती कशी वाचेल हे डोक्यातच आलं नाही, कारण आमच्या डोक्यात तुमच्याच रीती भरलेल्या आहेत. डोळे मिटलेला फोटो लावला, कारण दुसरा नाहीच. आजवर कॅमेरा तुम्ही कुणाच्या हाती दिला असेल तर शपथ. एकदा शिंक येत असताना मी टिपलं होतं, तेवढंच तुमचं रूप मंडळाकडे आहे.

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्ही हयात असल्याचं छापलं, त्याच मापाच्या अक्षरांत. आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवसापासून लोक पैसे परत मागायला लागले. एका गृहस्थांनी लिहिलं, की त्यांची भावनिक फसवणूक झाली आहे. अर्धा खर्च उचलतो म्हणणारा तंबूवाला माझ्या दवाखान्यात येऊन बसला, एक दाढ फुकटात तपासून घेतली आणि म्हणाला, की स्मारक असतं तर गोष्ट वेगळी होती, आता जरा विचार करावा लागेल. मला तर त्याच खुर्चीत भूल न देता त्याची दाढ उपटावीशी वाटली.

पण काका, माझा खरा राग त्याच्यावर नाही, तुमच्यावर आहे. कुणाकडून छदाम न घेता, एक जाहिरात न लावता आपण लोकांना वाटा सांगत आलो. कुठे चढ आहे, कुठे पोहता येतं, कुठे तंबू ठोकला तर चालतो. आता ते संकेतस्थळ मोडून पडलंय. त्यात नवं काही घालता येत नाही (आवाहनही म्हणूनच दुसरीकडे टाकावं लागलं), जुनं काढता येत नाही आणि तुमच्या नकाशांच्या डोक्यावर कुणीतरी पोट कमी करायची पावडर विकतंय. ते नव्याने बांधायला पैसे हवेत, ते मी भीक मागून आणीन. पण संकेतस्थळ तुमच्या नावावर आहे आणि तुमच्या सहीशिवाय ते सांभाळणारी कंपनी आम्हाला आत पाऊल टाकू देत नाही. कागद मी तीनदा पाठवला. तुमच्याकडून हू नाही की चू नाही.

नदीकाठच्या वाटेवरचा लोखंडी पूल पुरात वाहून गेला. अलीकडच्या टोकाला आम्ही पाटी ठोकली. पलीकडे ठोकलेली तर कुणी तिसऱ्याच दिवशी उपटून नेली. त्या पानावर मात्र अजून तुमच्या नावानिशी लिहिलेलं आहे, की थोडं पुढे पूल लागतो. कुणाच्या जिवावर बेतल्यावर सही करणार आहात का? अक्कलदाढ काढणं सोपं, तुमची सही काढणं अवघड.

तब्येत जपा. भांडायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं नाही, तेवढं लक्षात असू द्यावं.

आपली
भिंगरी

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद, पण मोजके.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. म्हैस उठून उभी राहिली तर लोक दुधाचे पैसे परत मागतात, हे मात्र मला नवीन. त्या तंबूवाल्याला पहिली गाठ मी बांधायला शिकवली. तोवर त्याला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नव्हती. माझ्यासाठी दगडी चौथरा उभारायला निघाला होता म्हणे. मी त्यावर बसून पाय हलवीन, चालेल का विचार त्याला.

आता तू स्पष्ट बोललीस तर मीही बोलतो. मेलो म्हणालात त्याचं मला काही नाही, ते एक दिवस खरं होईलच. मला झोंबलं ते दुसरं साल. २०२२ कुणी लिहिलं? मी चालणं थांबवलं असं मी कधी म्हणालो? माझ्या खुब्याचं हाड बदललं, मी नाही बदललो. मला न विचारता, माझ्या पाठीमागे, चहा-बिस्किटं खात तुम्ही ठरवलंत, की काका संपले. हे तू केलंस, जिला खांद्यावर घेऊन मी पहिली टेकडी दाखवली.

आणि तुमचा तो नवा नियम. म्हणे प्रत्येक वाट दरवर्षी कुणीतरी नव्याने चालायची आणि शेवटी चालेल त्याचंच नाव तिच्यावर राहायचं. चालल्याशिवाय लिहायचं नाही, हे मीच तुम्हाला शिकवलं. आता माझीच काठी माझ्याच पाठीत. मी सही करायची आणि तुम्ही आत शिरून एकेका वाटेवरून माझं नाव पुसत सुटायचं, हेच ना? मी नाही करत जा.

पुलाचं एवढं अवडंबर नको. पूल नाही हे गुरालाही दिसतं. लोकांना डोळे आहेत, ते माघारी फिरतील.

तुझ्या आईला नमस्कार. राग निवळला की लोभ आपोआप वर येईल, तोवर ढवळू नकोस.

काका

२ मार्च

ती. काकांस नमस्कार.

परवा नदीत एक बाई पडली. शिवणकाम करते, वय पन्नाशीचं. एकटीच आली होती आणि पलीकडच्या टोकाने उतरली, कारण त्या बाजूने निघालं की ऊन पाठीवर राहतं असं तुम्ही लिहिलं आहे. पुलाच्या जागी दगडांवरून जाताना पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मासे पकडणाऱ्याला ती सापडली, तोवर अर्धी पाण्यातच होती. तुमच्याच गावच्या हॉस्पिटलात आहे. पाय वाचेल, पण पूर्वीसारखी चालेल का ते डॉक्टर सांगत नाहीत.

मी भेटून आले. शिव्या खायच्या तयारीने गेले होते. ती उलट माझीच समजूत घालत होती. पिशवीत आपलं ते छापून घेतलेलं पान होतं, ओलं होऊन चिकटलेलं. म्हणाली, की पूल दिसला नाही तेव्हा तिला वाटलं, आपलीच जागा चुकली. काकांनी लिहिलंय म्हणजे पूल असणारच. म्हणून ती काठाकाठाने वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पूल शोधण्यात दिवस मावळायला आला आणि मग घाईत तिने दगडांवर पाय टाकला.

लोकांना डोळे आहेत असं तुम्ही लिहिलंत. तिला होते. पण तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवला.

कागद चौथ्यांदा पाठवते आहे. या खेपेला लोभ मागत नाही.

भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सही केलेला कागद सोबत आहे. तो आधी वेगळा काढून ठेव आणि मग पुढचं वाच.

काल हॉस्पिटलात गेलो. जावईबापूंनी खालपर्यंत सोडलं, जिना मी काठीने चढलो. ती बाई मला पाहून पांढरीफटक पडली. तू माझं हयात असणं छापलंस ते तिने पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी मी गेलेला माणूस. तिने मदतही पाठवली होती. जरा सावरल्यावर सांगू लागली, की गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी ती आपली पानं वाचून वाटा चालते. मशीनवर वाकून वाकून पाठ धरते, ती तेवढ्याने सुटते. आपली कधी ओळख नाही, देख नाही. पण मी गेल्याचं वाचलं तेव्हा तिला चैन पडेना. परक्या माणसाच्या घरी भेटायला तरी कसं जायचं? म्हणून काकांची सगळ्यात जुनी वाट एकदा चालून यावी, असं ठरवून ती निघाली.

भिंगरे, तुझ्या दोन सालांनी तिला घराबाहेर काढलं आणि माझ्या पानाने पाण्यात नेलं. पण हे आपण निम्मं-निम्मं वाटून घ्यायला नको. तू चूक कळल्या दिवशी दुरुस्त केलीस. मला कळलेली होती आणि मी ती नावासाठी धरून बसलो. स्वतःचा आला इतका राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता, त्या तंबूवाल्याचाही नाही.

तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. एकच विचारलं, की तिथे खरोखर पूल होता का. होता म्हणालो, पुरात गेला. तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, बरं झालं, म्हणजे जागा चुकली नव्हती. मला तिच्यासमोर बसवेना.

पैशांचं म्हणशील, तर तंबूवाल्याकडे मी स्वतः जाणार आहे. त्याने शब्द मेलेल्याला दिला असेल, वसुलीला जिवंत येतोय. जे परत मागतील त्यांचे पैसे बिनबोभाट परत कर. माझ्या फोटोखालचं दुसरं साल तसंच राहू दे, ते बरोबर आहे.

हे पत्र हाती पडेल तेव्हा चिमट्यात कुणाचा दात असला तरी थांबव आणि आधी ते पान काढ. नदीकाठची वाट नव्याने लिहाल तेव्हा पूल नाही हे पहिल्या ओळीत येऊ दे. माझं नाव खोड आणि तिथे तिचं घाल. शेवटी चालेल त्याचं नाव, असा नियम आहे ना तुमचा? शेवटची तीच चालली आहे.

लोभाचं तू ठरव.

काका