साहेबांचे केस आणि घारे डोळे

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरल्यामुळे सध्या कागदावरच).

मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे; नसेल तर गिऱ्हाइकांचे केसांचे टोप विणताना खोकू नका, गाठी सैल पडतात असं तुम्हीच सांगायचात. आम्ही सारे ठीक.

पत्रास कारण म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत आलेलं नवं यंत्र. रक्ताचा थेंब, दात, हाड, काहीही द्या, त्यातला डीएनए वाचून ते माणसाचे डोळे, केस, वर्ण आणि पुढेमागे टक्कल पडणार का, याचा अंदाज सांगतं. (नाक सांगत नाही, त्यामुळे आपल्या घराण्याची अब्रू शाबूत आहे.) त्याचा अहवाल लिहायचं काम माझं.

आता आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या बाई. त्यांचा नवरा काही वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. मध्यंतरी नदीकाठी कुणाची तरी हाडं सापडली आणि पोलिसांनी ती त्याचीच ठरवून फाइल मिटवायला घेतली. नवरा अनाथाश्रमात वाढलेला, मूलबाळ नाही, म्हणजे जुळवून बघायला रक्ताचं कुणीच नाही. बाईंचं एकच म्हणणं, ‘माझ्या माणसाचे डोळे घारे होते, तेवढं बघा.’ यंत्राने बघितलं. हाडांचा मालक काळ्या डोळ्यांचा निघाला. मला कोण आनंद झाला! पण आमच्याकडे आनंदालाही सही लागते. यंत्राची अजून परीक्षा चालू होती. आम्हा सगळ्यांची थुंकी नाव न लावता त्याला दिली होती, आणि त्याचे अंदाज आमच्या तोंडांशी जुळले तरच त्याचा शब्द ग्राह्य धरायचा, असा साहेबांचा हुकूम होता.

सगळे जुळले, एक सोडून. त्या एकाबद्दल यंत्र म्हणालं, टक्कल, तेही चाळिशीच्या आत. आणि उरले होते फक्त साहेब, ज्यांच्या डोक्यावर भरघोस काळं रान! साहेबांनी यंत्र बिनकामाचं ठरवलं आणि झाकून ठेवायला सांगितलं.

मामा, मी साहेबांच्या कानशिलाकडे बघतच राहिलो. टोपात तिथे चार पांढरे केस मुद्दाम सोडायची खोड कुणाची, हे मी तुम्हाला काय सांगू! तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव मामींनाही सांगत नाही, तेव्हा मीही तोंड उघडायचं नाही हे ओघानेच आलं. पण रोज इस्त्रीच्या टेबलासमोरून जाताना बाई विचारायच्या, ‘काही कळलं का हो?’ आणि मला मान वर करवत नसे. फार वाईट वाटायचं. शेवटी मी अहवालात लिहिलं, ‘केस साहेबांच्याच मालकीचे असल्याची खात्री केली आहे.’ साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून दार लावलं. ‘तुला कुणी सांगितलं?’ ‘कुणी नाही साहेब, आमचे मामा टोप करतात.’ बराच वेळ ते कानशील चाचपत बसले. मग यंत्र पास केल्याची सही केली. फाइल उघडी राहिली, शोध चालू आहे.

बाकी सगळं नेहमीचंच. मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. बाईंना बातमी सांगितली तेव्हा मनगटाने डोळे पुसत म्हणाल्या, ‘म्हणजे कुठेतरी आहे आणि तोंड दाखवत नाही? येऊ दे, बघतेच त्याच्याकडे!’ आणि इस्त्री अशी दाबली की माझ्या शर्टाची पाठ करपली.

आणखी ता. क. यंत्राने पुढेमागे टक्कल मलाही सांगितलं आहे. डोक्याचं माप सोबत जोडलंय. टोप कचेरीच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. कानशिलावर पांढरे सोडू नका, साहेब ओळखतील.

शेवटचं. मी बाईंना सहज विचारलं, एवढ्या वर्षांत त्याला टक्कल पडलं असेल तर ओळखाल का? म्हणाल्या, ‘केसांचं काय घेऊन बसलात? डोळे तेच असतील ना!’ हे ऐकून टोपाचा विचार रद्दच करणार होतो. पण माझे डोळे काळे, चारचौघांसारखे. तेव्हा पाठवाच.