कुसळवाडीचा भूगोल, इतिहास आणि पंगत

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥

मु. कुसळवाडी, पो. काळेगव्हाण, ता. अहमदपूर, जि. लातूर
चैत्र वद्य चतुर्थी (संकष्टीचा उपवास आहे, लिहिण्यात चूकभूल झाल्यास सांभाळून घ्यावी)

चिरंजीव वैजनाथभावजी यांना यशोदावहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे चैत्रात माणूस जितकं ठीक राहू शकतं तितकं. नांदेडला तुमची तब्येत कशी आहे, जाऊबाई राजकन्येचा गुडघा काय म्हणतो, लेकरांच्या परीक्षा झाल्या का, ते सवडीनं कळवावं. राजकन्येला म्हणावं एरंडाचं पान गरम करून बांध, डॉक्टर काहीही म्हणोत. ओढ्याकाठच्या तुमच्या वाट्याच्या तुकड्याला सोलरवाला गिऱ्हाईक आलंय आणि अक्षय तृतीया झाली की मोजणी आहे, असं तिच्याकडून समजलं. चांगलं आहे. त्याबद्दल पुढं लिहीन.

फोन सोडून ही वहिनी पत्र का लिहू लागली असं तुम्हाला वाटेल. एक तर फोनवर तुम्ही "हां वहिनी, बोला, बोला" म्हणता आणि मागं मोटारसायकलचा आवाज चालूच असतो. दुसरं, वाडीत रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. या वयात मी टाकीवर चढले तर लोकांना वाटायचं, बाई आंदोलन करून राहिली. (पाणी त्या टाकीत नाहीच, त्यामुळे आंदोलन खोटंही वाटणार नाही.) कागद म्हणाल तर पतसंस्थेच्या गेल्या सालच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आहेत. पुढच्या बाजूला दुधाचे खाडे लिहिलेत, तिकडं तूर्त लक्ष देऊ नका.

तर मूळ हकिकत. गेल्या भाद्रपदात आत्याबाई (तुमची माय) गेल्या, तेव्हा ओढ्याला काय पाणी होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हाला स्वतःला अहमदपुराहून परत फिरावं लागलं आणि पाचव्या दिवशी इथं पोचता आलं. मसणवाटा ओढ्यापलीकडं, काळेगव्हाणच्या अंगाला. आम्ही ओढ्याअलीकडं, माळावर. आत्याबाईंसारखी बाई, जिनं जन्मात कोणाला दारात ताटकळू दिलं नाही, ती स्वतःच्या घरात दोन दिवस ताटकळत पडली. तेव्हा वाडीतल्या बायकांनीच पहिल्यांदा म्हटलं की मसणवाटा अलीकडं पाहिजे. जगायला काही मागितलं नाही कधी, निदान मरायची सोय पाहिजे. काळेगव्हाण आणि आपण एकाच ग्रामपंचायतीत, म्हणून पाणी ओसरल्यावर सगळे मिळून सरपंच अमृतरावांकडं गेले. ते म्हणाले, "मसणवाटा हाय की. दोन-दोन कशाला? तितकी माणसं तरी मरतात का तुमच्यात?" यावर आपली माणसं खाली मान घालून परत आली, कारण हिशेबानं पाहिलं तर खरंच तितकी मरत नाहीत.

अमृतराव म्हणजे शेषेरावांचाच मुलगा, हे विसरून चालणार नाही. शेषेराव आणि आत्याबाईंचं चाळीस वर्षांचं वैर तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. भर ग्रामसभेत शेषेराव म्हणाले होते, वाडी म्हणजे गावाचं शेपूट. आत्याबाई मागच्या रांगेतून उठून म्हणाल्या, "शेपूट नसलं तर जनावराला माशा हाकता येत न्हाईत, पाटील." तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. शेषेरावांच्या घरच्या लग्नात त्या जेवल्या नाहीत, अन् त्यांच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायच्या. शेवटी शेषेराव त्यांच्या आठ दिवस आधी गेले. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तिथंबी पुढं घुसला."

तर वाडीनं ठरवलं की आपली ग्रामपंचायतच वेगळी मागायची. प्रस्तावाला 'गावाची भौगोलिक व प्रशासकीय माहिती' असं एक प्रकरण जोडायचं होतं. ते लिहायला मॅट्रिक झालेलं, अक्षर बरं असलेलं आणि घरी बसलेलं माणूस पाहिजे होतं. तुमच्या दादांनी मला न विचारता माझं नाव सांगितलं. (घरी बसलेलं! दोन म्हशी, टँकरची रांग, देवपूजा आणि तुमचे दादा, हे सगळं मी बसूनच करते म्हणायचं.)

भूगोल लवकर झाला. उत्तरेस माळ, दक्षिणेस माळ, पूर्वेस ओढा, आणि पश्चिमेस जे आहे त्यालाही लोक माळच म्हणतात. जमीन वीतभर, खाली मुरूम. पीक सोयाबीन, ते आलं तर. वनस्पती कुसळ. झाडं मोजून अकरा, त्यात सावलीचं एकच, ओढ्याकाठी तुमच्या तुकड्यातला लिंब. (तिथं मी दर अमावस्येला दिवा लावते. ते भूगोलात लिहिलं नाही.) 'प्रेक्षणीय स्थळे' अशी एक ओळ होती, तिथं निरंक लिहिलं.

इतिहासासाठी सटवाजीआबांकडं गेले. आबा नव्वदीला टेकलेत, पण जीभ पंचविशीची. ते जन्मले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि जिल्हा बीदर. मग उस्मानाबाद झाला. मग लातूर. आबा म्हणाले, "पोरी, तीन जिल्हे फिरलो म्या, पर एकदाबी बाजलं उचललं न्हाई." रझाकारांच्या दिवसांत वाडीत काय झालं असं विचारलं, तर म्हणाले काहीच नाही, त्यांनाही वाट सापडली नाही. प्रत्येक वेळी जिल्हा बदलला की कोणीतरी पाटी रंगवायला यायचा, पाटी रंगवून जायचा, आणि त्याच्या मागोमाग रस्ता येईल म्हणून माणसं शिवेवर जाऊन उभी राहायची. पाट्यांचं वर्णन मी सविस्तर लिहिलंय. रस्त्याचं लिहायची गरज पडली नाही.

खरी पंचाईत लोकसंख्येत झाली. हजार माणूस पाहिजे, असं आबा कुठूनतरी ऐकून आले. अंगणवाडीच्या महामायाताईंकडं घरोघरची नोंदवही असते. त्यांच्याशेजारी बसून मोजलं तर चूल धरून राहणारी माणसं निघाली सातशे बेचाळीस. बाकीची पुण्याला, चाकणला, ऊसतोडीला आणि (रागावू नका) नांदेडला. तुमचे दादा म्हणाले, लिही हजार, कोण मोजायला येतंय. महामायाताई म्हणाल्या, "माझ्या वहीत पोटातलं लेकरूसुद्धा नवव्या महिन्याशिवाय जन्मत न्हाई, अन् तुम्ही अडीचशे माणसं एका रात्रीत काढू लालात?" मीही नाही म्हटलं. माझ्या अंगावर एक खोटं आधीच आहे, त्यावर दुसरं चढवायची माझी हिंमत झाली नाही. दादा दोन दिवस बोलले नाहीत. (ते एरवीही फारसं बोलत नाहीत, पण हे न बोलणं वेगळं होतं.)

तेव्हा आबांनी अक्कल लढवली. तालुक्याचे साहेब प्रस्तावाच्या पाहणीला येणार होते तोच दिवस सप्ताहाच्या काल्याचा धरायचा आणि काळेगव्हाणला चूलबंद आवतण द्यायचं, म्हणजे त्या दिवशी तिकडं एकही चूल पेटायची नाही आणि अख्खं गाव इकडं पंगतीला. साहेबांना माणूसच माणूस दिसेल. लिहायला नको, खोटं बोलायला नको. मला तेव्हा हे धर्माला धरून वाटलं. काळेगव्हाणपासून फारकत मागण्यासाठी आपण काळेगव्हाणलाच जेवायला बोलावून राहिलो, हे वाडीतल्या सातशे बेचाळीस जणांतून एकाच्याही ध्यानात आलं नाही, हे मी इतिहासात लिहायला पाहिजे होतं.

काळेगव्हाण आलं. नुसतं आलं नाही, ताकाची पिंपं, कढया, वाढपी, सगळं घेऊन आलं. त्यांची पोरं पत्रावळी मांडू लागली, त्यांच्या बायका आमच्या परातीत हात घालून पोळ्या लाटू लागल्या, आणि अमृतराव स्वतः कंबरेला उपरणं बांधून वरण वाढत फिरले. दीड हजार पत्रावळ संपली. साहेब फार खूश. पंगतीतून फिरता फिरता त्यांनी सहज एकाला विचारलं, गाव कोणतं? काळेगव्हाण. पुढच्याला विचारलं, काळेगव्हाण. तिसरा, चौथा, तेच. मग आपली माणसं बसली होती त्या रांगेत आले, आणि भावजी, काय सांगू, आपल्या माणसांनीही काळेगव्हाणच सांगितलं. जन्मभर दवाखान्यात, बँकेत, राशनवर, मुलगी दाखवताना सगळीकडं तेच सांगितलेलं, तोंडाला दुसरं येईना. शेवटी साहेब प्रस्तावाच्या अर्जदारापुढं, म्हणजे तुमच्या दादांपुढं येऊन थांबले. मी मागून खाकरले. दादा उठले, हात जोडले आणि एका दमात म्हणाले, "मुक्काम पोस्ट काळेगव्हाण."

साहेब हसले नाहीत. दुसऱ्यांदा वरण घेतलं, आणि मला म्हणाले, बाई, भूगोल चांगला लिहिलाय, इतिहासही. पण एका पंगतीत जेवणारं गाव मी दोन कसं लिहू? मग मसणवाट्याची सगळी हकिकत ऐकून म्हणाले, त्याला ग्रामपंचायत कशाला फोडता, ओढ्याअलीकडं कोणी दोन गुंठे दान दिले तर हीच पंचायत ठराव घेऊन शेड बांधू शकते. अमृतराव वरणाचा डाव हातात धरून म्हणाले, "जागा दाखवा, ठराव उद्या घेतो. माझा बाप गेला तवा सरणाजवळ आलेलं ओढ्याचं पाणी म्याबी पाहिलंय." (हे मला अपेक्षित नव्हतं.) जागा म्हटल्यावर मात्र सगळ्या पंगतीनं पत्रावळीत खाली पाहिलं. मढं जाळायला जमीन कोण देतं? माझ्याही हातातली पोळी कोणाच्या पत्रावळीवर वाढायची ते मला कळेना.

प्रस्ताव नामंजूर होऊन आला, माझी चौदा पानं जोडून. कपाटात ठेवलीत. पाठकोरी आहेत, उपयोगी पडतील.

बाकी विशेष नाही. उन्हाचं बाहेर फिरू नका. राजकन्येला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
यशोदा

ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलंय. सोलरवाल्याचं पुढं लिहीन म्हटलं होतं, ते राहिलं. भावजी, तुकडा विका, पण लिंबाखालचे दोन गुंठे विकू नका. मोजणीच्या आधी ते बाजूला काढा आणि गावाला द्या. वाडीनं मला हे लिहायला सांगितलेलं नाही, दादांना तर ठाऊकही नाही.

ता. क. २. का, ते लिहायला उपास सुटेपर्यंत थांबले. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं आणि मग आत्याबाईंना पलीकडं नेलं, असं आम्ही तुम्हाला सांगितलं. पाणी ओसरलं नव्हतं. चौथ्या दिवशीपर्यंत ओसरलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याबाईंना ठेवणं अशक्य झालं, आणि ओढ्याकाठी उंच जागा म्हणून एक तुमचा लिंबच होता. पावसात कोरडं लाकूड वाडीत कुठंच नव्हतं. तुमच्या शेतातल्या आखाड्याच्या छपराचे वासे वाळवीनं खाल्ले, असं दादा म्हणाले होते ना? वाळवी नव्हती. दादांनी स्वतः एक एक वासा उतरवला, आणि प्रत्येकाला हात लावून 'वैजनाथ, वैजनाथ' म्हणत होते. चिता जळालेल्या जागेला गिऱ्हाईक मिळायचं नाही, धाकट्याचं नुकसान होईल, म्हणून कोणी तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. पाचव्या दिवशी तुम्ही आलात, पलीकडच्या मसणवाट्यात दादांनी एक काळी जागा दाखवली, तुम्ही तिथं डोकं टेकून लहान लेकरासारखं रडलात. ती जागा शेषेरावांची होती. दादांना दुसरी कोणती सुचली नाही. आत्याबाई वरून काय म्हणाल्या असतील या धाकानं मला आजही जेवण जात नाही.

दहाव्याला कावळा दोन तास पिंडाला शिवला नाही, आठवतंय? तुम्ही तंबाखू सोडतो म्हणालात, दादा मारुतीचा ओटा बांधतो म्हणाले, काही उपयोग झाला नाही. मग मी मनातल्या मनात म्हटलं, आत्याबाई, वैजनाथभावजींना मी सगळं सांगीन. लगेच शिवला. त्याला आता सात महिने झाले. (तंबाखू सुटली नाही हे राजकन्येनं सांगितलंय. ती आता खाल्ली तरी चालेल, कावळा त्यासाठी थांबला नव्हता.)

ता. क. ३. हे शेवटचं पान उलटून पाहा. गेल्या भाद्रपदाचं आहे. दुधाच्या हिशेबात मी कधी खोटं लिहीत नाही, म्हणून त्या दिवशीच्या चौकोनात 'दूध नाही' असं लिहून त्याखाली आत्याबाईंना अग्नी दिला ती जागाही लिहून ठेवली होती. पान फाडू नका. इकडं याल तेव्हा घेऊन या.