खाटेखालची तालीम

ताईस, तुझ्या भांडखोर भावाचा नमस्कार.

मशीनमध्ये पोर भाजेल, हे तू पुन्हा शेजारणीचं ऐकूनच लिहिलंस ना? अगं, मी इथल्या इस्पितळात तसल्याच मशीनच्या खोलीच्या दारापर्यंत रोज स्ट्रेचर ढकलतो. डॉक्टरांनी छकुलीला सांगितलेल्या एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. मोठा लोहचुंबक असतो, आवाज मात्र पत्र्याचे डबे बडवल्यासारखा. त्याला घाबरून मुलं हलतात आणि फुप्फुसांचा फोटो पुसट येतो.

म्हणून इथली नर्सबाई आधी खेळातच सराव करून घेते. तूही छकुलीला मशीनच्या अरुंद बोगद्यात निजल्यासारखं खाटेखाली निजव, दाजींना ताट बडवू दे आणि "श्वास धर, आता सोड" म्हण. दम लागला तर लगेच थांबव. तुलाही आत बसू देतात का ते विचार. बांगड्या तेवढ्या घरी ठेव.

मी माझ्या खोलीवर हे करून पाहिलं. पण "झालं, ये बाहेर" म्हणायला कोणी नव्हतं, तर तिथेच झोप लागली. हसू नकोस. जेवतो मी वेळेवर.

छकुली अजून उशीला टेकून बसूनच झोपते का? खरं लिही.

आता हट्ट सोड, तारीख घे. तपासणीसाठी साडेचार हजार पाठवतोय.