आधी तुम्ही, साहेब

सोमवार
शाळेत कविता म्हणायच्या आधी गुरुजी टेबलावर छडी वाजवत. टक, टक. मग सगळा वर्ग एका सुरात. आज तोच आवाज कानात घेऊन घरून निघालो, कारण मला नोकरी लागली! छापखाना बंद पडल्यापासून मी घरीच होतो. चहा देताना सूनबाई काही बोलत नसे. तेच जास्त लागायचं. नगरपालिकेने वर्षानुवर्षं रिकामे बसलेल्यांसाठी मदतकेंद्र काढलंय. मुलाखतीचा सराव घ्यायला त्यांना आमच्यातलाच कुणी हवा होता. खोली छोटी, भिंतींना अजून रंगाचा वास. एक दार व्हरांड्यात, दुसरं मागच्या जिन्यावर. उमेदवाराने टकटक करायची, मी ‘या’ म्हणायचं, त्याने ताठ मानेने आत यायचं. माणूस दारातच कळतो, असं केंद्राच्या मॅडम म्हणाल्या.

बुधवार
आज एक लिफ्टवाला आला. लिफ्ट आपोआप चालू लागल्या तेव्हापासून बेकार. टकटक झकास करतो, पण ‘या’ म्हटलं की दार धरून बाजूला उभा! कुणीतरी आधी आत जाईल म्हणून वाट देतो. म्हणाला, काय करू साहेब, पाय पुढे पडतच नाही. मला हसू आवरेना. शिवाय ‘साहेब’ जरा चढलंही असेल. म्हटलं, पुन्हा बाहेर व्हा, आणि मी बोलावेपर्यंत थांबा. त्याच्या टकटकीवरून गुरुजींची छडी आठवली, छडीवरून कविता. तिची एक ओळ काही केल्या सापडेना. ती शोधतच मागच्या जिन्याने उतरलो नि घरी आलो. जेवताना सापडली. काय आनंद झाला!

गुरुवार
लिफ्टवाला वारला. सकाळी सफाईवालीला माझ्या दाराशी दिसला. बसलेला नाही, भिंतीला टेकून उभाच, मूठ दाराकडे वळलेली. मॅडमनी विचारलं, काल तुम्ही त्याला घरी पाठवलं होतं ना?
मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो.

शुक्रवार
समोर एक शिंपीण सरावाला बसली होती, तरी दारावर टकटक. तिला ऐकू गेली नाही. मी ‘या’ म्हटलं नाही. म्हणणं म्हणजे तो बाहेर होता हे कबूल करणं. नोकरी जाईल. हल्ली सूनबाई चहा देताना थांबते, दोन शब्द बोलते. माणूस मेला आणि माझ्या मनात हे. लिहितानाही लाज—

शनिवार
मागच्या जिन्याने निघालो. दार आपोआप उघडलं. मी बाहेर पडेपर्यंत उघडंच राहिलं— कुणी धरून ठेवावं तसं—

रविवार
सुट्टी. घरी. टकटक.
सूनबाई म्हणाली, बसा बाबा, मी बघते. म्हणजे तिलाही ऐकू—
कुणी बाई आहे. लिफ्टवाल्याची बायको म्हणते. सुनेला सांगतेय, आमचे हे रोज संध्याकाळी उंबऱ्यापर्यंत येतात, आत येत नाहीत. साहेबांनी अजून बोलावलं नाही म्हणतात. साहेबांना सांगा, एकदा फक्त ‘या’ म्हणा.
सूनबाई माझ्याकडे वळून बघतेय. तिची ती नजर—
म्हणालो. या.
बाई आत आली. दार मिटत नाही. बाहेरून कुणीतरी धरलंय. बाजूला सरून. वाट देऊन. म्हणतोय, आधी तुम्ही, साहेब—
मी उठलो नाही. पण माझे पाय—