फिरवलेली पाटी

प्रिय बाबा,

खोकला कसा आहे? आईपासून लपवा, मला मात्र खरं कळवा.

जिल्ह्यातला सर्वोत्तम पब म्हणून यंदा आमचा पब निवडला, तोही तुमच्या कृतीच्या सायडरमुळे, त्या सफरचंदाच्या दारूमुळे. आणि काल कोण उगवला? "म्हाताऱ्या, तुझ्या हातानं पिंपं नासतात," म्हणत तुम्हाला त्याच्या तळघरातल्या कामावरून हाकलणारा तुमचा जुना मालक ट्रेडगोल्ड! तीन गाड्या बदलून आला होता.

त्याला दारात पाहताच मी सायडरच्या नळावरची पाटी फिरवली, पिंप संपल्यावर फिरवतो तशी.

"बक्षीसवाला सायडर दे की, पोरी."

"पाटी पाठमोरी दिसत नाही? पिंप संपलं."

तो माघारी निघाला. तो दाराशी पोचल्यावर मी पाटी सरळ केली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला काठोकाठ ग्लास भरून दिला. ट्रेडगोल्ड वळला.

पाटीवर तुमचं नाव आहे, बाबा. त्यानं ते दोनदा वाचलं.

आता तरी शांत झोपा.

तुमची विनी