क्लच लिव्हरचं माप

ती. बाबा,

मस्कतमध्ये तुम्ही सगळ्यांना सांगता, की तुमची पदवीधर मुलगी पुण्याच्या ऑफिसात लागली. बाबा, मी पुण्याला गेलेच नाही. तीन महिने मी बांद्यात गुरुप्रसादकाकांच्या वर्कशॉपात जुन्या मोटारसायकलींचे कुठेच न मिळणारे भाग बनवतेय. मशीन फिरू लागलं की ॲल्युमिनियमचा चंदेरी कीस पायाशी साचत जातो आणि दुपार कधी सरते, कळत नाही.

परवा वेंगुर्ल्याचे एक आजोबा क्लचचा तडकलेला लिव्हर घेऊन आले. तासभर मापं घेऊन मी अगदी तसाच नवा कापला. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"शर्मिष्ठा, ह्यो खळगो कित्याक गो?"

"जुन्यात होतो."

"ती झीज गो, बोटांनी पडलेली. तू झीज पण मापून काढलंस?"

लाजेने मी दुसरा तुकडा मशीनवर चढवू लागले. तोवर आजोबांनी मी कापलेला लिव्हर मुठीत धरला होता. त्यांची दोन बोटं खळग्यात अलगद बसली.

"दुसरो नको गो बाय. नव्याक शिकवूक माझ्याकडे आणखी चाळीस वर्सां खंय आसत?"

ते गेले आणि मला वाटलं, जन्मभर मला हेच करायचंय. हे तुम्हाला सांगायचं म्हणून काल फोन उचलला. तुम्ही आधीच विचारलंत, "ऑफिसात एसी आसा मा गो?"

मी म्हटलं, "आसा, बाबा."

हाताला तेलाचा वास येणारी,
तुमची शर्मिष्ठा